जीव भांड्यात पडतो तेव्हा डोक्यात नेमकं काय होतं?

शेवटचं पेमेंट मी रात्री पावणेबाराला केलं. आधी खात्यातला बॅलन्स तीनदा बघितला, मग क्रेडिट कार्डाची थकलेली बाकी दोनदा बघितली, रक्कम टाइप केली, ओटीपी आला, टाकला, ते गोल चक्र दोन-तीन सेकंद फिरत राहिलं (सेकंद एवढे लांब असतात हे अशा वेळीच कळतं) आणि मग आउटस्टँडिंगच्या खाली आलं ०.००. तीन कार्डांपैकी हे शेवटचं. अडीच वर्षं या शून्याची वाट बघितलेली, मनात ठरवलेलं की त्या दिवशी नाचायचं, सगळ्यांना फोन करायचे, काय काय. प्रत्यक्षात मी फोन उपडा ठेवला आणि झोपलो. आणि सकाळी थेट उजाडल्यावरच जाग आली. पहाटे चार-साडेचारला डोळे टक्क उघडायची जी सवय लागली होती ती त्या दिवशी गायब.

मग प्रश्न पडला की हा आनंद होता का? तर नाही. काहीतरी मिळाल्यावर होतो तो आनंद वेगळा आणि काहीतरी थांबल्यावर जे वाटतं ते वेगळं. आपल्याकडे त्याला मस्त शब्द आहे, जीव भांड्यात पडला. हातात नवीन काही आलेलं नसतं, जीव फक्त जागच्या जागी परत आलेला असतो.

यावर मानसशास्त्रात एक जुनी थिअरी आहे, रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांनी १९७४ मध्ये मांडलेली. त्यांचं म्हणणं असं की मेंदू कुठल्याही तीव्र भावनेला एकटं सोडत नाही, तिच्या उलट दिशेने ओढणारी दुसरी एक प्रक्रिया हळूहळू सुरू करतो. त्रास चालू असेपर्यंत ही दुसरी प्रक्रिया दबलेली असते, पण त्रास अचानक थांबला की ती लगेच थांबत नाही, थोडा वेळ एकटीच चालू राहते आणि तेच आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोर सोडला की आपण मागे धडपडतो ना, तसं.

या सुटकेची ताकद किती, हे बघायचं तर फळमाश्यांकडे जावं लागेल. हो, त्याच चिलटासारख्या माश्या. २००४ मध्ये हिरोमू तानिमोतो, मार्टिन हायझेनबर्ग आणि बर्ट्राम गेर्बर यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापला. माश्यांना एक वास दिला आणि त्यानंतर विजेचा हलका झटका, तर माश्या त्या वासापासून लांब पळायला शिकल्या, यात नवल काही नाही. पण क्रम उलटा केला, म्हणजे आधी झटका आणि तो संपल्यानंतर वास, तर माश्या त्याच वासाकडे जायला लागल्या! वास तोच, झटका तोच, फक्त वेळ बदलली. त्रास संपायच्या क्षणाला जे काही हजर असतं ते मेंदू चांगलं म्हणून नोंदवून ठेवतो, मग ते खरंच चांगलं असो वा नसो.

हे वाचलं आणि मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. कारण दर महिन्याला माझाही एक वास होता आणि त्याचं नाव मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायचीच ती रक्कम.

बघा कसं असतं. स्टेटमेंट येतं, पोटात गोळा येतो. टोटल ड्यूचा आकडा बघवत नाही, पण त्याच्याच शेजारी एक छोटासा, गरीब बिचारा आकडा असतो. तो भरला की लेट फी नाही, फोन नाहीत, मेसेज नाहीत, निदान महिनाभर तरी. भरला की हुश्श. आणि हे हुश्श खरंखुरं असतं बरं का, कुठे खोटं नाही त्यात, आणि म्हणूनच ते घातक. त्रास थांबवणारी कृती मेंदू पुन्हा पुन्हा करायला लावतो, तर आपण कर्ज फेडायला शिकत नाही, मिनिमम भरायला शिकतो.

आता गणित बघू, कारण इथे भावना एकीकडे आणि आकडे भलतीकडे जातात. समजा बाकी १०० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि मिनिमम म्हणजे बिलातल्या बाकीच्या ५ टक्के. ३ टक्के ऐकायला काही वाटत नाही पण चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. नवीन एकही खरेदी न करता प्रामाणिकपणे वर्षभर मिनिमम भरलंत तर खिशातून गेले साधारण ५५, आणि बाकी किती उरली? ७७. म्हणजे ५५ मोजले तेव्हा २३ कमी झाले, उरलेले ३२ व्याजात विरघळले. बाकी निम्म्यावर यायला अडीच वर्षांच्या वर लागतात. आणि या सगळ्या काळात दर महिन्याला हुश्श मात्र पूर्ण मिळतं, त्यात काही कपात नाही.

त्यात तो छोटा आकडा नुसता छापलेला असला तरी आपल्याला खाली ओढतो. नील स्ट्युअर्ट या ब्रिटिश संशोधकाने २००९ मध्ये लोकांना एक खोटं बिल दाखवून विचारलं की तुम्ही किती भराल. काहींच्या बिलावर मिनिमम छापलेलं, काहींच्या नाही. जे पूर्ण बिल भरणार नव्हते त्यांच्यात, मिनिमम न दिसलेल्यांनी सरासरी ४० टक्के भरायची तयारी दाखवली आणि मिनिमम दिसलेल्यांनी २३ टक्के. म्हणजे किमान एवढं तरी भरा असं सांगणारी ओळ प्रत्यक्षात एवढंच भरा असं कानात सांगते. (ती ओळ काढून टाकली तर काही लोक काहीच भरणार नाहीत हाही मुद्दा आहेच, त्यामुळे हे दिसतं तितकं सोपं नाही.)

बरं, पहाटे चारचं काय? तणावाचं नेहमीचं चित्र सगळ्यांना माहीत असतं, धोका दिसला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपासून पिट्युटरी आणि तिथून मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीपर्यंत निरोप जातो, कॉर्टिसॉल हे तणावाचं हार्मोन वाढतं, धोका टळला की उतरतं. ही यंत्रणा मागे लागलेल्या जनावरासाठी ठीक आहे, जनावर येतं आणि जातं. कर्ज जात नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ते समोर असायचीही गरज नसते. ब्रॉसशॉट, गेरिन आणि थेयर या तिघांनी २००६ मध्ये मांडलं की शरीराला खरं झिजवतं ते संकट नाही तर संकटाचा रवंथ, कारण विचार चालू असेपर्यंत शरीर तयारीतच राहतं, मग तुम्ही आंघोळ करत असा नाहीतर मित्राच्या लग्नात उभे असा. महिन्यातून बिल एकदाच येतं पण आपण ते रोज डोक्यात उघडतो.

आणि गंमत अशी की डोक्यात रोज उघडणारा माणूस प्रत्यक्षात अॅप उघडत नाही. मी तर एकदा सलग दोन महिने स्टेटमेंटचा मेल नुसता वाचलेला म्हणून मार्क केला, आत गेलोच नाही. ऑटो डेबिटवर मिनिमम लावलेलं होतं, झालं. अभ्यासक याला शहामृगपणा म्हणतात, वाळूत डोकं खुपसायचं, जरी खरा शहामृग तसं काही करत नाही बिचारा.

माझ्यात पहिला फरक कधी पडला तर पैसे भरल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी. एका रविवारी कागद घेतला, तिन्ही कार्डांची बाकी, व्याजदर, तारखा लिहिल्या आणि दर महिन्याला कुठे किती जाणार ते पार शेवटपर्यंत मांडलं. फोनवर दर १७ तारखेला सकाळी दहाचा अलार्म लावला, नाव दिलं ‘कार्ड!!!’. त्या दिवशी एक पैसाही फिटला नव्हता तरी डोकं हलकं झालं. नंतर कळलं की यालाही आधार आहे, मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या कामात मध्ये मध्ये येऊन त्रास देतं, पण ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं की त्रास थांबतो, काम झालेलं नसलं तरी. पहाटेची जाग त्याने गेली नाही, कमी झाली.

आता मला सगळ्यात भारी वाटलेला अभ्यास सांगतो. सिंगापूरमध्ये एका धर्मादाय संस्थेने कमी उत्पन्नाच्या, वर्षानुवर्षं कर्जात अडकलेल्या लोकांची थकबाकी फेडून दिली. ओंग, थेसेरा आणि न्ग या संशोधकांनी अशा १९६ जणांची चाचणी कर्ज फिटायच्या आधी आणि नंतर घेतली, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोकांची चिंता कमी झाली, लक्ष लावून करायच्या चाचण्यांत ते सुधारले, हे अपेक्षितच. पण खरी मेख पुढे आहे. सारख्याच रकमेची मदत मिळालेल्यांत ज्यांची जास्त खाती बंद झाली त्यांना जास्त फायदा झाला. एक जादा खातं पूर्ण बंद झालं की चिंतेची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी कमी. म्हणजे मेंदू रक्कम मोजत नाही, उघडी खाती मोजतो! प्रत्येक खात्याची वेगळी तारीख, वेगळा पासवर्ड, वेगळी धास्ती, आणि रक्कम निम्मी झाली तरी धास्ती निम्मी होत नाही, खातं बंद झालं की मात्र ती पूर्ण जाते.

यावरून तो सनातन वाद येतो की आधी कुठलं फेडायचं. गणित म्हणतं ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते, आणि गणित बरोबरच आहे. पण गॅल आणि मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जमुक्तीच्या कार्यक्रमात आलेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ज्यांनी जास्त खाती बंद करत नेली ते पूर्ण कर्ज फेडण्यात यशस्वी व्हायची शक्यता जास्त होती. मला विचाराल तर व्याजदरात फार फरक नसेल तर छोटं कार्ड आधी उडवावं. मी तेच केलं. वहीत त्या नावावर आडवी रेघ मारताना जे वाटलं ते पुढच्या पाच महिन्यांना पुरलं. पण एका कार्डाचं व्याज दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर भावना बाजूला ठेवा, ती रेघ फार महाग पडते.

एवढं सगळं वाचून वाटेल की कर्ज गेलं म्हणजे माणूस सुखी. थांबा. अमेरिकेत २०१८ ते २०२० या काळात क्लुएंडर, महोनी, वाँग आणि यिन या अर्थतज्ज्ञांनी एक प्रचंड प्रयोग केला, ८३,४०१ लोकांचं मिळून १६.९ कोटी डॉलरचं दवाखान्याच्या बिलांचं कर्ज माफ करून टाकलं आणि मग त्यांची तुलना माफी न मिळालेल्यांशी केली. मानसिक आरोग्यात सरासरी फरक काय? काहीच नाही. मोठ्या आशेने केलेला प्रयोग सपशेल पडला, आणि त्यांनी तो तसाच छापला याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं.

मग सिंगापूर खरं की अमेरिका? मला दोन्ही खरं वाटतं, आणि हे आता माझं मत आहे. त्या अमेरिकन कर्जातलं बरंचसं जुनं होतं, लोक ते भरत नव्हतेच, ते कुठेतरी वसुलीवाल्यांच्या यादीत पडलेलं. एक दिवस पत्र आलं की माफ झालं. ज्याची रोज सकाळी आठवण येत नाही ते गेल्याने सकाळ कशी बदलणार? शिवाय बाकीची बिलं होतीच. जीव भांड्यात पडायला तो आधी टांगणीला लागलेला असावा लागतो.

आता माझी फजिती. शून्य बघून झोपलो वगैरे सांगितलं ना, तर पुढच्या महिन्यात त्याच कार्डाचं परत बिल आलं. रक्कम चिल्लर, पण काळजात धस्स झालं, अगदी जुनं धस्स, एक महिनाही मध्ये गेला नसल्यासारखं. कस्टमर केअरला फोन लावून भांडायच्या तयारीत होतो, मग कळलं की चूक कोणाचीच नाही. बाकी पुढे ढकलत असाल तर व्याज रोजच्या रोज चढतं, स्टेटमेंट निघतं एका तारखेला आणि आपण भरतो त्यानंतर काही दिवसांनी, तर त्या मधल्या दिवसांचं व्याज कुठल्याच बिलात आलेलं नसतं, ते पुढच्या बिलात येतं. म्हणून शेवटचं पेमेंट करताना आजच्या तारखेला खातं पूर्ण बंद करायला किती लागतील हे विचारून घ्यावं, आणि तरी पुढची दोन स्टेटमेंटं उघडून बघावी. आणि हो, बाकी असताना केलेल्या नवीन खरेदीला बिल भरायच्या तारखेपर्यंतचा बिनव्याजी काळ बहुतेक ठिकाणी मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून मीटर चालू, हे मला अडीच वर्षांतली पहिली दोन माहीतच नव्हतं.

रिकामं झालेलं कार्ड हे वेगळंच प्रकरण आहे. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगात खेळाच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितलं होतं, तर कार्डाने पैसे द्यायचेत असं सांगितलेल्यांनी रोख देणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास बोली लावली. पैसे जाताना जी टोचणी लागायला हवी ती कार्ड पुढच्या महिन्यावर ढकलतं. आणि वर अख्खी लिमिट मोकळी. मी एक कार्ड ठेवलं, दोन बंद केली, आणि ठेवलेल्याची लिमिट कमी करून घेतली, ती कमी करा म्हटल्यावर फोनवरच्या मुलीने तीनदा विचारलं, सर नक्की ना?

ते हलकं वाटणं आता राहिलेलं नाही, खरं सांगायचं तर दीड-दोन महिन्यांतच संपलं. शांत झोप ही रोजची गोष्ट झाली आणि रोजच्या गोष्टीचं कोणाला काय. मागच्या १७ तारखेला सकाळी दहाला फोन वाजला, स्क्रीनवर ‘कार्ड!!!’, आणि हे कशाचं हे आठवायला मला क्षणभर लागलं. बंद केला आणि अर्धवट राहिलेला मेल लिहायला घेतला. अलार्म डिलीट अजून केलेला नाही.