दुपारचा चहा : सोलापुरातील घरगुती प्रथा

दुपारचा चहा (घरगुती) : दुपारची विश्रांती आटोपल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी, साधारणपणे चार ते सहाच्या दरम्यान, घरातील लहानथोरांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून चहा आणि त्यासोबत काहीतरी खाण्याची प्रथा. महाराष्ट्रात चहा सकाळीही होतो आणि पाहुणा आला की केव्हाही होतो. परंतु सकाळचा चहा ज्याचा त्याने घाईत, उभ्याउभ्याच घेतलेला असतो आणि पाहुण्यांच्या चहात मुलांचा वाटा बहुधा बिस्किटापुरताच असतो. दुपारी मात्र स्वयंपाकघर मोकळे असते, रात्रीच्या जेवणाला अवकाश असतो आणि मुलांना भूक लागलेली असते, म्हणून मुलांसह नियमाने पाळता येईल असा चहा हाच. सोलापूर शहरात त्याची वेळ ठरवण्यात उन्हाचा आणि कारखान्याच्या घड्याळाचा वाटा मोठा आहे.

दुपारच्या चहाची इंग्रजी पद्धत १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी पाडली, असे मानले जाते. उमरावांच्या घरी रात्रीचे जेवण आठच्या पुढे जाऊ लागल्याने मधली भूक भागवण्यासाठी हा प्रकार सुरू झाला. त्याचा सोलापूरच्या चहाशी संबंध दूरचाच आहे. आसामात चहाची लागवड १८३० च्या दशकात सुरू झाली, तरी दीर्घकाळ तो मुख्यतः परदेशी पाठवण्याचा माल होता. देशातल्या लोकांना चहाची गोडी लागावी यासाठी १९०३ च्या उपकर कायद्यातून मिळालेल्या पैशावर प्रचार झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या-कारखान्यांतील चहाच्या सुट्टीला उत्तेजन मिळाले. पुढे १९३० च्या सुमारास आसामातच चहाची पाने चिरडून, फाडून वळवणारे सीटीसी यंत्र तयार झाले आणि त्यातून निघणारी दाणेदार पूड घरोघर पोहोचली. थोड्या पुडीत दाट रंग उतरत असल्यामुळे दूध-साखर घालून उकळण्याच्या आपल्याकडच्या पद्धतीला ती सोयीची होती आणि परवडणारीही. त्याआधी १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांचे प्रकरण उभे राहिले होते. आक्षेप चहाच्या गुणदोषांवर नव्हता, तो कोणाच्या हातचा होता यावर होता. शेजारच्या घरी चहाला बसलेले मूल आज कोणाला खटकत नाही, याचे मोल समजण्यासाठी हे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सोलापुरात १८७० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि गिरण्यांचे भोंगे शहराचा दिवस वाटून देऊ लागले. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग राहिले. पूर्व भागात आजही अनेक ठिकाणी राहते घर आणि चादरी-टॉवेलचा कारखाना एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असतात, त्यामुळे माग थांबवून किंवा दुसऱ्याच्या हवाली करून माणूस चहापुरता घरी येऊ शकतो. विडी वळणाऱ्या स्त्रियांचे कामही घरातच चालते. सकाळी कारखान्यात विड्या देऊन पाने व तंबाखू आणायची आणि घरी बसून वळायचे, असा हा दिनक्रम असून दुपारचा चहा ही त्यातली हक्काची उसंत असते. अशा घरांत सूप बाजूला सारून हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय कपाला किंवा मुलाच्या खाऊला हात लावायचा नाही, हा नियम घरातील लहान मुलालाही ठाऊक असतो, आणि तो असायलाच हवा.

उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि बारा ते चार रस्ते ओस पडतात. मुले घरात कोंडलेली असतात, थोडी झोपलेली, थोडी कंटाळलेली. चहाचे आधण ठेवल्याचा आवाज म्हणजे कोंडवाडा संपल्याची खूण. चहा झाला की अंगणात किंवा गच्चीवर पाणी मारून खेळायला मोकळे. शाळेच्या दिवसांत वेळ बदलते. सकाळच्या सत्राची मुले दुपारीच घरी असतात, म्हणून त्यांचा चहा चारला होतो. दुपारच्या सत्राची मुले साडेपाचच्या पुढे येतात. एकाच घरात दोन्ही सत्रांची भावंडे असतील तर एकाला थांबावे लागते किंवा दुसऱ्याला एकट्याने खावे लागते. ही अडचण आई-वडिलांच्या नोकरीच्या वेळेइतकीच खरी आहे, आणि रोज शक्य नसल्यास शनिवार-रविवार ठरवून पाळणाऱ्या घरांची प्रथा रोजचा हट्ट धरणाऱ्यांपेक्षा जास्त टिकलेली दिसते.

सोबतच्या पदार्थांत सोलापूरचे वेगळेपण उठून दिसते. बटर, खारी, टोस्ट आणि बिस्किटे सर्वत्र आहेतच. बटर चहात किती वेळ बुडवायचे म्हणजे ते मऊ होईल पण तुटून तळाशी जाणार नाही, हे कौशल्य मुले मोठ्यांकडे पाहूनच शिकतात. परंतु घरचे म्हणावे असे खाणे म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी थापून, भाजून पूर्ण कोरडी केली की ती बरेच दिवस टिकते, आणि मोडताना पापडासारखी वाजते. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ एकत्र कुटून शेंगाचटणी करतात. दाण्यांना तेल सुटून चटणी मुठीत धरली असता गोळा होईपर्यंत कुटणे, ही चांगल्या चटणीची घरगुती कसोटी होय. मिक्सरमध्ये फिरवून केलेली चटणी भुकटीसारखी राहते आणि तिला ही चव येत नाही. मुलांसाठी तिखट बेताचे ठेवून वरून दही देतात. याखेरीज भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला सुशीला, धपाटे, गूळ-शेंगदाणे किंवा आदल्या सणाची उरलेली शेंगापोळी असते. रोज नवा पदार्थ करण्याचा बेत बहुतेक घरांत पंधरवडाभरही चालत नाही. डब्यातले दोन जिन्नस पुरतात.

मुलांना चहा द्यावा की नाही, हा या प्रथेतला वादाचा मुद्दा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केलेल्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि जेवणाच्या किमान तासभर आधी व नंतर चहा-कॉफी टाळावी, असे त्यात सुचवले आहे. कारण चहातील टॅनिन अन्नातील लोहाशी बांधले जाते व त्याचे शोषण घटते. धान्ये, कडधान्ये आणि शेंगदाण्यांतील लोहाला हा अडथळा विशेष होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला; अशा स्थितीत ज्वारीच्या भाकरीबरोबर मुलाला कपभर चहा देणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे आहे. चहा-चपातीवर वाढलेल्या पिढीला हे पटत नाही, आणि ‘दूधच जास्त घातलंय’ म्हणून आजी नातवाच्या बशीत घोटभर ओततेच. त्यापेक्षा मुलाला त्याचा स्वतःचा कप द्यावा आणि त्यात सुंठ-वेलदोड्याचा दुधाळ उकाळा, नुसत्या गवती चहाच्या पातीचे दूध किंवा उन्हाळ्यात लिंबूसरबत असावे. लिंबातील क जीवनसत्त्वाने भाकरीतले लोह शोषले जाण्यास मदतच होते. मुलाला मोठ्यांसारखा कप हातात हवा असतो. त्यात काय आहे याबद्दल ते फारसे आग्रही नसते.

मुलांचा सहभाग खाण्यापुरता राहिला तर ती बसतात आणि उठून जातात. त्यांच्याकडे काम असले की चहाची वेळ त्यांची होते. पाच-सहा वर्षांचे मूल माणसे मोजून कप मांडते आणि बशीत बिस्किटे लावते. आठ-नऊ वर्षांचे खलबत्त्यात आले-वेलदोडा कुटते. गॅसजवळ उभे राहून चहा करण्याची पाळी बारा वर्षांच्या पुढे, तीही मोठे माणूस शेजारी असताना यावी. या वयात काही गोष्टी कारणासह सांगता येतात. आले आधी पाण्यात उकळावे, कारण कच्च्या आल्यातील एका विकरामुळे दूध नासू शकते आणि उकळल्यावर त्याचा जोर संपतो. गुळाचा चहा करताना पातेले खाली उतरवल्यावर गूळ घालावा, नाहीतर दूध फाटण्याची शक्यता असते. पूड घातल्यावर चहा फार वेळ खदखदू दिला तर तो तुरट होतो. वाटपही मुलांकडे द्यावे : आधी आजी-आजोबांचा कप, मग पाहुणा असल्यास त्याचा, शेवटी आपला. तेलुगू घरातली नानम्मा किंवा कन्नड घरातली अज्जी हाच क्रम आपल्या भाषेत शिकवते, आणि शेजारी खेळायला आलेले मराठी मूल त्या निमित्ताने चार शब्द उचलते.

सोलापुरातील बऱ्याच घरांत चहासाठी जमिनीवरच, जुनी सोलापुरी चादर अंथरून बसतात. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चादरीवर सांडलेल्या चहाचा डाग कोणी मनावर घेत नाही, ही सोय मोठी आहे. मात्र जमिनीवरचा गरम कप रांगत्या बाळाच्या बरोबर हाताशी येतो. भाजण्याचे अपघात अशाच वेळी होतात, म्हणून बाळ मांडीवर असताना गरम चहा घेऊ नये आणि गाळणीसह पातेले ओट्यावरच ठेवावे. दूरदर्शन संच बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, हा नियम मोठ्यांनी मोडला की मुले तो त्याच दिवशी मोडतात. बोलण्याचा विषय आधी ठरवावा लागत नाही. शाळेत काय झाले, हे थेट विचारल्यास ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. कडक भाकरीचा मोठा तुकडा कोणाचा यावरून भांडण सुरू झाले की त्यातच वर्गातली हकीकत आपोआप निघते. काही घरांत एखादे मूल गोष्टीचे पान मोठ्याने वाचते. आजोबांना वर्तमानपत्रातील मथळे वाचून दाखवणे हीही जुनी पद्धत आहे, आणि जोडाक्षरे अडली की ती तिथेच सुधारली जातात.

वर्षभर ही वेळ सारखी राहत नाही. रमजानमध्ये मुस्लिम कुटुंबांत दुपारचा चहा थांबतो आणि मुले इफ्तारच्या ताटात खजूर मांडण्याच्या कामाला लागतात. थंडीत हुरड्याला शेतावर गेलेल्या मंडळींचा चहा आगटीजवळच होतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा (जत्रा) भरला की संध्याकाळी पाळण्यांकडे जाण्याची घाई असते, त्यामुळे चहा साडेतीनलाच उरकतो, आणि मुले तो रिकाम्या पोटी घेतात. भूक भज्यांसाठी राखून ठेवलेली असते.