हातगुण वजा करणारी यंत्रे

खारपाणपट्ट्यातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सकाळचे पहिले काम मातीचे नसते, पाण्याचे असते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या त्या खोऱ्यात बोअरचे पाणी इतके खारे की मातीतले क्षार मोजायला तेच वापरले, तर आपण माती मोजतो आहोत की बोअर, हेच कळू नये. म्हणून आधी भिंतीवरचा डिस्टिल वॉटरचा बंब चालू करायचा. त्याच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तो अधूनमधून काढायचा. मग बाटल्या हलवायचा शेकर, मग ढवळायचा स्टरर आणि सगळ्यांत शेवटी नायट्रोजन काढायचा काचेचा सेट. अशा खोलीत मी काही वर्षे काढली आहेत. एकदा नमुन्याची थैली घेऊन आलेले एक काका दारातच थबकले. म्हणाले, "साहेब, हे कायची भट्टी होय?" मी हसलो खरा, पण त्यांनी अचूक ओळखले होते.

भट्टीच ती. गडचिरोली, गोंदियाकडे मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले गळतात. ती वेचून वाळवतात, मग भिजत घालून आंबवतात. चुलीवर खाली आंबवणाचे मडके, त्यावर थेंब झेलायचे भांडे आणि सगळ्यांत वर गार पाण्याचे भांडे. वाफ वरच्या गार बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि मधल्या भांड्यात पडतात. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे. कधी बदलायचे हे बाईच्या हाताला कळते. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा याला कोणी पाककृती समजू नये.) तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात तिर्यक्पातन यंत्र आहे: तिरप्या नळीने जोडलेली दोन मडकी, एक आगीवर, दुसरे पाण्यात. रामटेकजवळच्या टेकडीला तर किमयागार नागार्जुनाचेच नाव आहे. एवढ्या भांडवलावर 'सगळे आपल्याकडे आधीच होते' हे भाषण दर विज्ञान दिनाला ठोकले जाते. ऊर्ध्वपातन होते, यात शंका नाही. घुसळणेही घरोघरी होते. रवीपेक्षा जुना स्टरर कोणता दाखवणार? नव्हते ते इतकेच, की भट्टी कोणीही लावली तरी उत्तर तेच यावे. आपल्याकडे उत्तर हातगुणावर असायचे. प्रयोगशाळेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांचा सगळा इतिहास म्हणजे हा हातगुण वजा करत जाण्याचा इतिहास आहे.

वरचे पाणी बदलण्याची कटकट आधी गेली. वाफेच्या नळीभोवती दुसरी नळी घालून तिच्यातून थंड पाणी सतत वाहते ठेवायचे, ही युक्ती वायगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये मांडली. नाव मात्र लीबिग या दुसऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे लागले, कारण घरोघर पोहोचवली त्याने. त्यानंतरचा मोठा टप्पा १८८३ चा. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डालला धान्यातली प्रथिने मोजायची होती. त्याने धान्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळून त्यातला नायट्रोजन बांधून ठेवला, मग अल्कली घालून अमोनियाच्या रूपात मोकळा केला, वाफेबरोबर पलीकडे नेला आणि मोजला. आमच्या खोलीत या माणसाच्या नावाचे तीन उच्चार चालत, केल्डाल, जेल्डाल आणि नुसते 'केल'. काम तिन्हींनी होत असे.

काच हाही एक अडसर होता. साधी काच आगीवर धरली की तडकते. ऑटो शॉटने जर्मनीत बोरोसिलिकेट काच आणली, १९१५ मध्ये अमेरिकेत पायरेक्स आली आणि भारतात १९६२ मध्ये बोरोसिल. आपल्याकडे आजही चंबूला कोणी 'बोरोसिल' म्हणतो, तो कोणत्याही कंपनीचा असो.

मग आली मोटर. युरोपातली या धंद्यातली नावे पाहिली तर स्थापनेचा काळ तीस वर्षांच्या आतला दिसतो: आयका १९१०, हायडॉल्फ १९३८, स्वित्झर्लंडची ब्यूखी १९३९. हायडॉल्फ बव्हेरियातल्या श्वाबाख या लहानशा गावची. हे ऐकून मला नेहमी बरे वाटते. मोठे काम मोठ्या शहरातच होते असे आपल्याला उगाच वाटत असते. या कंपन्या विकतात काय? ढवळणे, फिरवणे, गरम करणे. पण मिनिटाला किती फेरे, हे तबकडीवर लिहिलेले असते आणि दाट द्राव आला म्हणून यंत्राचा हात दुखत नाही.

चुंबकाने ढवळायची कल्पना अमेरिकेतल्या आर्थर रोझिंगरच्या नावावर १९४४ च्या पेटंटात आहे. भांड्याखाली फिरता चुंबक, भांड्यात प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या वेष्टनातली छोटी चुंबकीय कांडी. दांडा नाही, झाकण उघडायला नको. पुढे कांडीवर टेफ्लॉन चढले आणि ती ॲसिडलाही पुरून उरली. इंग्लंडात तिला पिसू म्हणतात. आम्ही 'बीड' म्हणायचो आणि दर महिन्याला एक तरी बेसिनमध्ये वाहून जायची. नाव पिसूच बरोबर आहे.

फिरत्या चंबूचे, म्हणजे रोटरी इव्हॅपोरेटरचे श्रेय लायमन क्रेग आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या १९५० च्या निबंधाला जाते. चंबू तिरपा धरून कोमट पाण्यात फिरवला की द्रव काचेवर पातळ थराने पसरतो. आतली हवा ओढून घेतली की तो कमी तापमानालाच उडतो, त्यामुळे अर्क जळत नाही. १९५७ मध्ये ब्यूखीने तो बाजारात आणला. मातीच्या कामात त्याची गरज पडत नाही. वनस्पतींचे अर्क काढणाऱ्यांना मात्र त्यावाचून चालत नाही. संत्र्याच्या सालीतले तेल काढायला त्याहून साधा काचेचा सेट पुरतो. त्याला क्लेव्हेंजर म्हणतात आणि तो १९२८ चा आहे.

हे सगळे तालुक्यापर्यंत आले कसे? भारतात १९५५-५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारातून २४ माती परीक्षण प्रयोगशाळा निघाल्या. १९५६ मध्येच सुब्बय्या आणि असीजा यांनी केल्डालची भट्टी मातीसाठी सोपी केली. २० ग्रॅम माती, पोटॅशियम परमँगनेट, कॉस्टिक सोडा, फेस येऊ नये म्हणून थोडे पॅराफिन, उसळू नये म्हणून काचेचे मणी. उकळा, अमोनिया बोरिक ॲसिडमध्ये धरा. गुलाबी द्राव हिरवा होतो. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, ॲसिड सोडत तो परत गुलाबी करायचा. या हिशेबात ब्युरेटमधल्या १ मिलीचा अर्थ होतो हेक्टरी सुमारे ३१ किलो नायट्रोजन. हेक्टरी २८० च्या खाली 'कमी', ५६० च्या वर 'जास्त'. जोडाला व्हॅसलीन नीट लागले नाही, थोडी वाफ सुटली, की वावर कागदावर गरीब होते.

ढवळण्यालाही तोच न्याय. आपली काळी जमीन चुनखडीची, त्यामुळे स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ऑल्सेनच्या १९५४ च्या पद्धतीने काढतात: अडीच ग्रॅम माती, ५० मिली सोडियम बायकार्बोनेट, शेकरवर ३० मिनिटे. चाळीस मिनिटे हलवली तर आकडा बदलतो. दुपारच्या उकाड्यात हलवली तरी बदलतो. सुरुवातीला शेकरचा पट्टा तुटला म्हणून मी बाटल्या हाताने हलवल्या होत्या. तो सगळा दिवस नंतर रजिस्टरमधून खोडावा लागला.

बाहेरची यंत्रे गावात परवडणारी नव्हतीच. काच आणि किरकोळ उपकरणे हरियाणातल्या अंबाल्याची, स्टरर बहुधा रेमी कंपनीचा. आमच्याकडे तर "रेमी लाव" हे क्रियापदच होते. वीज हा वेगळा विषय. भारनियमनाच्या वर्षांत उकळी अर्ध्यावर असताना लाइट गेली की बोरिक ॲसिड उलटे मागे ओढले जायचे आणि नमुना पुन्हा पहिल्यापासून. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले असे. लाइट ते वाचत नसे.

१९ फेब्रुवारी २०१५ ला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली आणि थैल्यांचे ढीग लागले. कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना, त्यावर बारा तपासण्या. माझ्या मते गडबड इथून पुढे आहे. स्टररचे फेरे ठरलेले, शेकरची मिनिटे ठरलेली, पण नमुना घेणारा हात तसाच राहिला. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, बांधाजवळची नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाजवळची तर नकोच, असे सांगितलेले असते. गोळा केलेली माती पसरून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच चालू ठेवायचे. भर उन्हात एवढे कोण करतो?

एका नमुन्यात नायट्रोजन भलताच चढला. सेट दोनदा तपासला, जोड बदलले, माती न घालता कोरी चाचणी घेतली. सगळे बरोबर. मग थैली उलटी केली. आत चिठ्ठी होती, निळ्या पेनने, सुवाच्य अक्षरात: उकिरड्याखालचं वावर, येथची माती चांगली आहे.