४८ तासांच्या मागणीमागे काय आहे?

केरळ उच्च न्यायालयापुढे २०२३ साली एका दिग्दर्शकाची याचिका आली. चित्रपट लागल्यापासून किमान सात दिवस यूट्यूबवाल्यांनी आणि व्लॉगरनी त्याचे परीक्षण टाकू नये, अशी तिची मागणी होती. त्याच ऑक्टोबरमध्ये कोचीत दुसऱ्या एका चित्रपटाविरुद्धच्या परीक्षणांबद्दल पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. न्यायालयाने मदतीसाठी नेमलेल्या वकिलांचा, म्हणजे न्यायमित्रांचा, अहवाल मार्च २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यात सुचवलेली मुदत सात दिवसांवरून ४८ तासांवर आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईत निर्मात्यांच्या एका संघटनेने मद्रास उच्च न्यायालयाकडे तीन दिवस मागितले.

सात, दोन आणि तीन. या आकड्यांतला दोन दिवसांचा आकडा माझ्या पिढीच्या वाचकांना ओळखीचा वाटायला हवा. शुक्रवारी चित्रपट लागायचा आणि परीक्षण रविवारी वाचायला मिळायचे. गुरुवारी संध्याकाळी छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात पत्रकारांसाठी खेळ व्हायचा किंवा समीक्षक शुक्रवारी तिकीट काढून बसायचा. मजकूर टाइप होऊन, पान लागून, पुरवणीतून घरी यायला दोन दिवस जायचेच. हा उशीर छापखान्याचा होता, त्यासाठी कायदा लागत नव्हता. आमच्या घरी रविवारच्या पुरवणीतले ते पान वडील आधी वाचत आणि मग दुपारी जायचे की नाही ते ठरे.

तो उशीर कुणाला टोचत नव्हता, कारण चित्रपट टिकायचा. २५ आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. दहाव्या आठवड्यात गेलेल्या प्रेक्षकालाही पहिल्या रविवारचे परीक्षण उपयोगी पडायचे. खरी उलथापालथ १९९७ नंतर झाली. त्या साली दिल्लीत साकेतला देशातले पहिले मल्टिप्लेक्स उघडले. पुढे पडदे वाढले, प्रिंटच्या डब्यांची जागा डिजिटल वितरणाने घेतली आणि एकच चित्रपट एकाच दिवशी देशभर हजारो पडद्यांवर लावता येऊ लागला. जी कमाई २५ आठवड्यांत व्हायची ती पहिल्या तीन दिवसांत ओढून घ्यायचे गणित तेव्हा बसले. ‘ओपनिंग’ आणि ‘वीकेंड’ हे शब्द व्यापारी पानांतून थेट प्रेक्षकाच्या तोंडी आले. चित्रपट कसा आहे हे विचारण्याआधी त्याने किती केले हे विचारायची सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

समीक्षकावरचा राग मात्र जुना आहे. १९३५ साली मुंबईतून निघालेल्या एका इंग्रजी मासिकाचा मराठी संपादक इतका तिखट लिहायचा की त्याच्या अंकाची निर्मात्यांना धास्ती असे. पण राग राग म्हणूनच राहायचा. लिहिण्यावर तासांची मर्यादा घाला, असे म्हणत कोर्टात जायची वेळ आताच आली.

ती का आली, हे पाहायला नोव्हेंबर २०२४ मधले तमिळ प्रकरण पुरेसे आहे. १४ तारखेला एक प्रचंड खर्चाचा, अनेक भाषांत डब केलेला चित्रपट लागला. पहिल्या खेळानंतरच तक्रार सुरू झाली की आवाज असह्य आहे आणि पहिला अर्धा तास जमलेला नाही. यूट्यूबवर ती आली, वर्तमानपत्री परीक्षणांतही आली. निर्मात्यांकडून थिएटरांना आवाज दोन अंकांनी कमी करायला सांगण्यात आले. काही दिवसांत चित्रपटातून सुमारे १२ मिनिटे कापली गेली. नायकाच्या पत्नीने, जी स्वतः नामवंत अभिनेत्री आहे, समाजमाध्यमावर परीक्षणांच्या कडवटपणाबद्दल नाराजी मांडली. त्याच मजकुरात तिने पहिला अर्धा तास जमत नाही आणि आवाज कर्कश आहे हेही मान्य केले.

त्याच महिन्यात तमिळ निर्मात्यांच्या मंडळाने थिएटरमालकांना आवाहन केले की पहिल्या दिवशी आवारात यूट्यूब चॅनेलवाल्यांना कॅमेरे घेऊन येऊ देऊ नका. त्यापाठोपाठ तीन दिवसांच्या बंदीची याचिका दाखल झाली. हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे. परीक्षणांमुळे आवाज कमी झाला, संकलन सुधारले, पुढच्या प्रेक्षकांचे कान वाचले आणि मग परीक्षणांवरच बंदी मागितली गेली. बंदी आधीपासून असती तर गुरुवार ते शनिवारचे सगळे खेळ त्याच कर्कश आवाजात झाले असते. तिकिटाचे पैसे देऊन आत बसलेल्या माणसाने बाहेर येऊन ते कुणाला सांगायचेही नाही, असा त्या मागणीचा अर्थ होतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी अंतरिम बंदी नाकारली. परीक्षण हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सगळी परीक्षणे चांगलीच येतील अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्यांचा सूर होता. केंद्र, राज्य सरकार आणि यूट्यूबला मात्र नोटिसा निघाल्या.

निर्मात्यांच्या बाजूत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. केरळमधल्या प्रकरणाचा गाभा ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ हा होता. बनावट खात्यांवरून, चित्रपट न बघता, कधी पैसे मिळाले म्हणून आणि कधी मिळाले नाहीत म्हणून एकाच वेळी शेकडो वाईट शेरे टाकायचे, असा तो प्रकार. तो खंडणीच्या वाटेने जाणारा गुन्हा आहे आणि त्याचा तपास व्हायलाच हवा. तक्रारीसाठी स्वतंत्र पोर्टल असावे ही न्यायमित्रांची सूचना म्हणूनच रास्त वाटते. गोंधळ ‘रिव्ह्यू’ या शब्दाने केला आहे. थिएटरबाहेर माइक पुढे धरल्यावर एखादा मुलगा ‘एकदम बकवास’ म्हणतो, तो रिव्ह्यू. बॉटने, म्हणजे आपोआप शेरे टाकणाऱ्या संगणकी खात्याने, टाकलेला एक तारा, तोही रिव्ह्यू. रात्री जागून लिहिलेले, पटकथा कुठे सैल पडली ते दाखवणारे आठशे शब्द, तेही रिव्ह्यूच.

मराठीत या वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे शब्द होते. परीक्षण म्हणजे पारखून दिलेला निवाडा, समीक्षा म्हणजे त्याहून सावकाश आणि संदर्भासह केलेला विचार. रसग्रहण तिसरेच. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. त्याच्या आणि फिल्म सोसायट्यांच्या आधाराने जी रसास्वाद शिबिरे भरत आली, त्यांनी हा फरक आपल्याकडे रुजवला होता. त्या शिबिरात दिवसभर चित्रपट बघून संध्याकाळी भांडलेल्या माणसाला ‘किती स्टार?’ हा प्रश्न अपुरा वाटतो. ४८ तासांची बंदी आली असती तर बॉट चालवणाऱ्याचे काही बिघडले नसते. त्याने ४९व्या तासाला तेच केले असते. गप्प बसला असता तो स्वतःच्या नावाने लिहिणारा समीक्षक.

ओटीटीवर परीक्षणाच्या मुदतीची हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. मार्च २०२० मध्ये थिएटरे बंद पडली आणि १२ जूनला लखनौच्या एका जुन्या हवेलीवरचा मोठ्या नटांचा हिंदी चित्रपट थेट प्लॅटफॉर्मवर आला. महाराष्ट्रातली थिएटरे नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. त्या दीड वर्षात समीक्षकांना चित्रपटाची लिंक आधी मिळू लागली, सोबत अट अशी की अमुक वेळेपूर्वी लिहायचे नाही. ही अट दोन्ही बाजूंनी खुशीने मान्य केलेली असते. लिंक नको असेल तर समीक्षक रात्री बारानंतर सगळ्यांबरोबर बघून हवे ते लिहू शकतो. राज्याने सर्वांवर लादलेली मुदत आणि हा करार यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

ओटीटीवरच्या चित्रपटाला पडणे नाही आणि चालणेही नाही, कारण तिकीटखिडकीसारखा हिशेब बाहेर येत नाही. एका मोठ्या प्लॅटफॉर्मने २०२० च्या सुरुवातीला दोन मिनिटे बघितले तरी ‘बघितला’ असे धरायला सुरुवात केली होती. त्याआधी ७० टक्के भाग बघणे आवश्यक होते. नोव्हेंबर २०२१ पासून तो साप्ताहिक यादी तासांसह देऊ लागला आणि २०२३ मध्ये तासांना लांबीने भागून ‘व्ह्यू’ काढू लागला. तीन वर्षांत तीन मापे झाली. अशा ठिकाणी चित्रपट कसा होता हे सांगणारा समीक्षकाचा मजकूर हाच एक टिकाऊ पुरावा उरतो.

आता हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्स साखळ्या थिएटर आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांच्या अंतराचा आग्रह धरतात. दक्षिणेत अनेकदा चारच आठवडे असतात. त्यामुळे प्रत्येक मोठ्या चित्रपटाची दोनदा परीक्षा होते. थिएटरात आपटलेला चित्रपट घरी थांबवून-थांबवून पाहिला जातो, त्याचे तुकडे फिरतात आणि नव्याने मते बनतात. या दुसऱ्या फेरीवर बंदी हवी असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. पैसा पहिल्या फेरीत अडकलेला असतो.

मराठी चित्रपटाला तर पहिल्या तीन दिवसांतली चांगली परीक्षणे फार मोलाची असतात. सोमवारी शो उतरवायचे की ठेवायचे, हे त्या तीन दिवसांवर ठरते. प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावण्याचा आदेश राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये काढला आणि वाद झाल्यावर तो सैल केला, तेव्हाही भांडण वेळेचेच होते. जून २०२३ च्या शेवटी लागलेल्या सहा बहिणींच्या चित्रपटाचा दुसरा शनिवार-रविवार पहिल्यापेक्षा मोठा ठरला. बायका घोळक्याने आल्या, घरी जाऊन बोलल्या, फोनवर लिहिले आणि मग दुसरे घोळके आले. तीन दिवस बोलायचे नाही असा नियम असता तर त्या बायकांनाही तो लागू झाला असता.