तेलनगराचे चित्र (पश्चिम सायबेरिया)

ओब नदीच्या मधल्या खोऱ्यात १९६० नंतर वाढलेल्या तेलनगरांचे जीवन हा सोव्हिएत चित्रकलेतील एक विषय. सुरगुत (वसाहत १५९४ ची, शहराचा दर्जा १९६५), नेफ्तेयुगान्स्क (१९६७) आणि निझ्नेवार्तोव्स्क (१९७२) ही अशी मुख्य नगरे. निझ्नेवार्तोव्स्क वाढले ते १९६५ साली सापडलेल्या सामोत्लोर तेलक्षेत्रामुळे. तिथे रेल्वे पोचली १९७६ मध्ये. तोवर सगळी ने-आण नदीतून, विमानाने आणि हिवाळ्यात गोठलेल्या वाटांवरून.

या चित्रांची घडण मुख्यतः 'कठोर शैली'तून आली, म्हणजे १९५० च्या दशकाअखेर पुढे आलेल्या, श्रमिकांना सजवून न दाखवणाऱ्या सोव्हिएत चित्रशैलीतून. चित्रकार व्हिक्टर पोपकोव यांच्या 'ब्रात्स्कचे बांधकाम कामगार' (१९६०–६१) या चित्रातले कामगार समोर बघत नुसते उभे आहेत, काम करत नाहीत. विषय धरणाच्या गावाचा असला तरी असा थांबलेला माणूस तेलनगरालाही लागू पडला.

विषयाची खरी अडचण अशी की तेल दिसत नाही. ते बंद नळातून वाहते. उसळणारा काळा फवारा म्हणजे बहुधा अपघात. म्हणून चित्राचा भार चिखल, उजेड आणि तात्पुरत्या घरांवर पडतो. दलदलीवर ओंडके अंथरून केलेला रस्ता, फळ्यांचे पदपथ, 'बालोक' नावाच्या चाकांवरच्या किंवा स्लेजसारख्या पट्ट्यांवरच्या खोल्या आणि त्यांच्यामागे चढणाऱ्या पाच मजली इमारती. एकाच विहिरीवर ड्रिलिंगचा मनोरा आणि डोलणारा पंप दाखवणे ही ढोबळ चूक आहे: विहीर खणून झाल्याशिवाय पंप बसत नाही. शिवाय इथल्या बहुसंख्य विहिरींत पंप खोल आत बुडवलेला असतो. वर दिसतात फक्त झडपा.

उजेड नीट समजून घ्यावा लागतो. ६१ अक्षांशावर डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५.५ अंश वर येतो. त्यामुळे १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली सुमारे १७-१८ मीटर पडते. रात्री तेलासोबत निघणाऱ्या जळत्या वायूच्या ज्योतीने बर्फ नारिंगी होतो आणि सावल्या निळ्या. नवखा चित्रकार बर्फ शुद्ध पांढरा रंगवून बसतो. मग ज्योतीसाठी त्याहून उजळ छटा उरतच नाही. बर्फ करड्या-निळ्या मध्यम छटेत ठेवून सर्वांत उजळ रंग ज्योतीच्या गाभ्यासाठी राखावा.

उणे ३०–४० अंशांत बाहेर मोठा कॅनव्हास चालत नाही. साधारण २५ × ३५ सेंटिमीटरच्या, अस्तर दिलेल्या पुठ्ठ्यावर अर्ध्या तासात रंगटिपण करतात आणि मोठे चित्र स्टुडिओत. थंडीत तैलरंग घट्ट होतात. थोडे टर्पेंटाइन घालून ते सैल करतात, पण जास्त झाले तर थर खडूसारखा भुसभुशीत राहतो. जलरंगाच्या पाण्यात वोडका मिसळली तर ते उशिरा गोठते. पेन्सिल मात्र कधी दगा देत नाही. गारठलेले टिपण थेट गरम खोलीत आणले की त्यावर दव धरते. म्हणून ते गुंडाळूनच आत नेतात आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडतात.

जाड झिंक व्हाइटचा (जस्तापासूनच्या पांढऱ्या रंगाचा) थर कालांतराने ठिसूळ होतो. असे चित्र कडक थंडीत गुंडाळी करून पाठवले तर तडे जातात, तेही नेमके बर्फाच्या भागात, कारण पांढरा रंग तिथेच सर्वाधिक असतो.