चॅम्पियन्स लीगची पहिली बाद फेरी : पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेत रेयाल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी समोरासमोर आले, तेव्हा ही उपांत्य फेरी नाही हे अनेकांच्या पचनी पडत नव्हतं. त्याआधीच्या तीन मोसमांची विजेतेपदं याच दोघांनी वाटून घेतलेली. आता मात्र ते प्ले-ऑफमध्ये, म्हणजे अंतिम सोळाच्याही उंबरठ्याबाहेर, एकमेकांना बाहेर काढायला निघाले होते. ३६ संघांच्या नव्या साखळीत माद्रिद अकरावं आलं होतं आणि सिटी बावीसावी. पहिल्या आठांना थेट अंतिम सोळात जागा, नऊ ते चोवीस यांना दोन सामन्यांची प्ले-ऑफ आणि त्याखालच्यांचा युरोपातला मोसम तिथेच संपला, अशी ही रचना. सिटी एकूण ३-६ अशी गारद झाली.

याच फेरीत पंधराव्या क्रमांकाच्या पॅरिस सेंट जर्मेनने ब्रेस्तला दोन सामन्यांत मिळून १०-० धुतलं आणि ३१ मे रोजी म्युनिकमध्ये इंटर मिलानचा ५-० फडशा पाडून पहिल्यांदाच करंडक उचलला. त्यासाठी पॅरिसला १७ सामने खेळावे लागले.

सतराचा हा आकडा जुन्या प्रेक्षकांच्या ओळखीचा आहे. १९९९ ते २००३ या चार मोसमांत स्पर्धेला दोन गटसाखळ्या होत्या. पहिलीतून निघालेल्या सोळा संघांची पुन्हा चार गटांत विभागणी व्हायची, आणि विजेत्याच्या खात्यावर तेव्हाही १७ सामने जमायचे. खेळाडू दमले, प्रेक्षक कंटाळले, दुसऱ्या साखळीतले निम्मे सामने कुणाच्या लक्षातही राहीनात. म्हणून २००३-०४ पासून दुसरी साखळी काढली, तिच्या जागी घरी-परकी दोन सामन्यांची बाद फेरी आणली आणि विजेत्याचे सामने १३ वर आले. वीस वर्षांनी तेच चार सामने प्ले-ऑफच्या वाटेने येणाऱ्यांच्या माथी परत मारले गेले. पहिल्या आठांतले १५ वर सुटतात. स्पर्धेचे एकूण सामने मात्र १२५ वरून १८९ झाले, आणि वाहिन्यांना विकायचा माल कुठल्या बाजूने वाढला हे त्यातून पुरेसं कळतं.

२००३ ते २०२४ हा या फेरीचा सुवर्णकाळ, असं माझं मत. सुरुवातीची काही वर्षं तिचं अधिकृत नावच ‘पहिली बाद फेरी’ होतं, २००९-१० पासून ‘अंतिम सोळा’ रूढ झालं. त्याच मोसमापासून सामने दोनऐवजी चार आठवड्यांत पसरवले गेले. भारतातल्या चाहत्यांची रात्री दीडला जागायची शिक्षाही दुप्पट झाली.

फेरीचा स्वभाव पहिल्याच वर्षी दिसला. ओल्ड ट्रॅफर्डवर नव्वदाव्या मिनिटाला पोर्तोने बरोबरी साधली, मँचेस्टर युनायटेड एकूण ३-२ ने बाहेर पडलं आणि पोर्तोचे तरुण प्रशिक्षक मैदानाच्या कडेने धावत सुटले. तो गोल झाला नसता तर अवे गोलवर, म्हणजे एकूण बरोबरीत परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे या नियमाने, युनायटेड पुढे गेलं असतं. मोनॅकोने लोकोमोटिव्ह मॉस्कोला हरवलं ते अवे गोलवरच. मेमधला अंतिम सामना याच दोघांत, पोर्तो आणि मोनॅकोत झाला. मार्चमध्ये जेमतेम वाचलेले दोन संघ!

मोठ्यांचं नाक कापायचं काम या फेरीने नेमाने केलं. २००५ ते २०१० अशी सलग सहा वर्षं रेयाल माद्रिद इथेच अडकलं : ज्युव्हेंटस, आर्सेनल, बायर्न, रोमा, लिव्हरपूल, लिऑन. पुढे २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षं आर्सेनल; शेवटच्या खेपेला बायर्नकडून एकूण २-१०. २०१७ मध्ये बार्सिलोनाने पॅरिसविरुद्धचा ०-४ चा खड्डा ६-१ ने भरून काढला. २०१९ मध्ये व्हीएआर, म्हणजे पंचांचे निर्णय व्हिडिओवर तपासण्याची सोय, या स्पर्धेत पहिल्यांदा आलं तेही याच फेरीपासून. जून २०२१ मध्ये अवे गोलचा नियम रद्द झाला. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून यजमानांच्या विजयांचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून ४७ वर घसरलं आणि पाहुण्यांचं १९ वरून ३० वर गेलं, असा आधार त्यासाठी देण्यात आला. आकडे बोलके होते, आणि त्या नियमासाठी फारसं कुणी रडलं नाही.

गाजली ती त्याच वर्षीची सोडत.

१३ डिसेंबर २०२१, न्यों, स्वित्झर्लंड. एका भांड्यात आठ गटविजेते, दुसऱ्यात आठ उपविजेते. एकाच गटातले किंवा एकाच देशाचे संघ एकमेकांशी खेळायचे नाहीत. या दोन मनायांमुळे प्रत्येक उपविजेत्यासाठी कोणकोण शक्य आहे, हे दरवेळी नव्याने काढावं लागतं, आणि ते काम संगणकाकडे होतं. पडद्यावर जी नावं येतील तेवढेच चेंडू भांड्यात टाकायचे.

पहिली जोडी निघाली बेनफिका आणि रेयाल माद्रिद. त्यात काही खोट नव्हती. मग व्हिलारेयालसमोर मँचेस्टर युनायटेडचा चेंडू आला, पण हे दोघे एकाच गटातले. चूक लगेच लक्षात आली, युनायटेडचा चेंडू बाजूला ठेवून दुसरा काढला गेला आणि सिटी निघाली. पुढचा संघ अॅटलेटिको माद्रिद. त्यांच्यासाठीच्या भांड्यात युनायटेड असायला हवं होतं, ते टाकलं नाही. लिव्हरपूल नको होतं, कारण ते अॅटलेटिकोच्याच गटातलं. ते टाकलं गेलं. अॅटलेटिकोच्या वाट्याला बायर्न आलं आणि युनायटेड शेवटी पॅरिससमोर जाऊन उभं राहिलं. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर त्या लढतीचे मथळेही झळकले.

बाहेरच्या पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तांत्रिक अडचण आली, असा खुलासा आयोजकांनी केला, आणि तीनेक तासांत संपूर्ण सोडत नव्याने काढली. सगळी, पहिल्या चेंडूपासून.

माद्रिदने हरकत घेतली ती इथे. आमची जोडी पहिली चूक होण्याच्या आधी ठरली होती, मग ती का मोडता? आयोजकांची भूमिका अशी की अर्धी सोडत ठेवून अर्धी बदलली तर संशयाला जागा राहते. गणित पाहिलं तर माद्रिदची बाजू भक्कम होती असंच म्हणावं लागेल. दुसऱ्या जोडीतला गोंधळही निस्तरला गेला होता, कारण चुकीचा चेंडू बाद केल्यावर उरलेल्यांतून निघालेली सिटी नियमात बसत होती. सोडत खऱ्या अर्थाने नासली ती अॅटलेटिकोच्या भांड्यापासून, आणि तिथून पुढे नव्याने काढली असती तर कुणावर अन्याय झाला नसता. पण अख्ख्या युरोपसमोर थेट प्रक्षेपणात फजिती झालेल्यांना पाटी कोरी करणं सोपं वाटलं असावं.

नव्या सोडतीत माद्रिदला बेनफिकाऐवजी पॅरिस मिळालं. चेल्सी आणि लिल यांची जोडी दोन्ही वेळा तीच आली. बेनफिकाने अयाक्सला हरवलं, व्हिलारेयाल ज्युव्हेंटसला बाहेर काढून थेट उपांत्य फेरीपर्यंत गेलं. आणि माद्रिद? पॅरिसमधला पहिला सामना ०-१ असा हरून, घरच्या मैदानावर तासाभराच्या खेळापर्यंत एकूण ०-२ ने मागे असलेल्या या संघाच्या कर्णधाराने सतराएक मिनिटांत तीन गोल केले. पुढे चेल्सी, सिटी आणि अंतिम सामन्यात लिव्हरपूल. हरकत घेणाऱ्यांनीच करंडक नेल्याने त्यांच्या तक्रारीची चर्चा हवेत विरली. तक्रार मात्र रास्त होती.

नशीब किती चालू द्यायचं, हा वाद या स्पर्धेइतकाच जुना. १९५५ मध्ये सोळा संघांनिशी ती सुरू झाली तेव्हा पहिली फेरीच बाद फेरी होती. बरोबरी सुटेना तेव्हा नाणं उडवलं जाई. नोव्हेंबर १९६९ मध्ये सेल्टिकने बेनफिकाला याच टप्प्यावर नाण्याच्या जोरावर बाहेर काढलं. वर्षभरात पेनल्टी शूटआउट आलं आणि एव्हर्टन त्यावर जिंकलं, तेही अंतिम सोळातच. त्या काळी मानांकनाचं कवच नव्हतं. १९८७ मध्ये पहिल्याच फेरीत माद्रिद आणि नापोली एकमेकांना भिडले आणि इटलीचा विजेता सप्टेंबरअखेर घरी गेला. एवढा मोठा सामना इतक्या लवकर वाया जातो, हे मिलानच्या एका क्लबमालकाला खटकलं. त्याने एका जाहिरात कंपनीकडून युरोपीय लीगचा आराखडाच करून घेतला. १९९१ मध्ये गटसाखळी आली. १९९४ पासून बाद फेरी उपांत्यपूर्व फेरीपासूनच सुरू होऊ लागली, ती २००३ पर्यंत.

आताच्या पद्धतीत २०२१ चा घोळ होणं अवघड आहे, कारण घोळ घालणाऱ्या मनायाच उठवल्या गेल्या आहेत. जोड्या साखळीतल्या क्रमांकावरून जवळपास ठरलेल्या असतात, सोडत फक्त दोनांतला एक निवडते. त्यामुळे ब्रेस्त आणि पॅरिस हे एकाच देशाचे संघ प्ले-ऑफमध्ये भिडले, आणि अंतिम सोळात लेव्हरकुसेन-बायर्न, माद्रिद-अॅटलेटिको अशा घरच्याच लढती लागल्या. साखळीत पहिल्या आलेल्या लिव्हरपूलसाठी भांड्यात दोनच नावं होती, बेनफिका आणि पॅरिस. पॅरिस निघालं. लिव्हरपूल अॅनफिल्डवर शूटआउटमध्ये बाहेर पडलं, आणि बेनफिका दुसऱ्या क्रमांकाच्या बार्सिलोनाला गेलं, ज्यांनी दोन्ही सामने जिंकले.