फेरमोजणी वेगळी, फेरमतदान वेगळे

निकाल शे-दोनशे मतांच्या आत आला की पराभूत बाजूकडून ‘पुन्हा मोजा’ आणि ‘पुन्हा मतदान घ्या’ या दोन्ही मागण्या बहुधा एकाच पत्रकात केल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या एकमेकींना छेद देतात. फेरमोजणी मागणारा उमेदवार झालेले मतदान मान्य करतो आणि बेरीज चुकली असे म्हणतो. फेरमतदान मागणाऱ्याचे म्हणणे असे असते की त्या केंद्रावरची मतेच नष्ट झाली किंवा भरवशाची राहिली नाहीत, त्यामुळे ती कितीही वेळा मोजून उपयोग नाही.

फेरमतदानाची बाजू तुलनेने सरळ आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५८ नुसार मतदान यंत्र हिरावले गेले, नष्ट झाले, बिघडले किंवा मतदानाच्या प्रक्रियेतच गंभीर चूक झाली, तर त्या केंद्रावर पुन्हा मतदान घेता येते. केंद्र बळकावण्याच्या प्रकारांसाठी कलम ५८अ आहे. निर्णय निवडणूक आयोगाचा असतो. निवडणूक निर्णय अधिकारी केवळ अहवाल पाठवतो. हे सहसा मतमोजणीच्या आधी उरकले जाते आणि पहिल्या मतदानाची शाई पुसली गेलेली नसल्याने मतदाराच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. चुरशीचा निकाल हे फेरमतदानाचे कारण कधीच नसते.

फेरमोजणीचा आधार निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ६३ हा आहे आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा भाग वेळेचा आहे. मोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक उमेदवाराची एकूण मते जाहीर करतो. त्यानंतर, पण निकालपत्रकावर त्याची सही होण्यापूर्वी, उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणांसह लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्ज पूर्णतः वा अंशतः मान्य करणे किंवा तो निरर्थक वाटल्यास फेटाळणे हे अधिकाऱ्याच्या हाती असले, तरी निर्णय सकारण आणि लेखी असावा लागतो. सही झाली की ही वाट बंद होते. मोजणीच्या सभागृहात प्रतिनिधी तोंडी हुज्जत घालत राहतात आणि अर्ज मात्र लिहिलाच जात नाही, हे चित्र म्हणूनच उमेदवाराला महागात पडते.

किती मतांचा फरक असल्यास फेरमोजणी व्हावी, याचा आकडा आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अर्धा टक्का किंवा त्याहून कमी फरक असल्यास ती आपोआप होते. आपल्याकडे २००८ साली राजस्थानात नाथद्वाराची जागा १ मताने गेली, तरी केवळ फरकाच्या बळावर असा हक्क मिळत नाही.

मग यंत्रांच्या काळात पुन्हा मोजायचे तरी काय? मतांची नोंद ठेवणाऱ्या कंट्रोल युनिटचे (मतदान यंत्राच्या मुख्य भागाचे) निकालाचे बटण दुसऱ्यांदा दाबले तरी तोच आकडा येणार. चूक शिरण्याच्या जागा प्रामुख्याने दोन: यंत्रावरचा आकडा पत्रकात उतरवताना आणि टपाली मतपत्रिका वैध की अवैध हे ठरवताना. पैकी दुसरी जागा खरी निर्णायक, कारण तिथे माणसाला कागद पाहून निवाडा करावा लागतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर १ मताने पुढे होते; टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद टपाली मतांची संख्या विजयी फरकाहून अधिक असल्यास ती सर्व पुन्हा तपासण्याचे बंधन आयोगाने घातले आहे आणि त्यानुसार तिथे १११ बाद मतपत्रिका पुन्हा पाहिल्या गेल्या. ही तपासणी म्हणजे सगळ्या मतांची फेरमोजणी नव्हे, हे त्या वेळच्या चर्चेत बरेचदा निसटले.

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत कागदावर छापून मतदाराला दाखवणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्या मोजण्याची मागणी त्याच १९६१ च्या नियमांतील नियम ५६ड खाली येते आणि तिलाही लेखी अर्ज लागतो. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत तफावत आढळली, तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. माझ्या मते चुरशीच्या लढतीत उमेदवाराने सर्वप्रथम वाचावा असा नियम हाच आहे, कारण मतदाराच्या डोळ्यांसमोर छापला गेलेला कागद तोच असतो.

फेरमोजणीनंतरही मते समसमान राहिली, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी काढून निकाल लावतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच सोडतीने लागला होता.

निकाल जाहीर झाल्यावर या दोन्हींपैकी काहीही अधिकाऱ्याकडे किंवा आयोगाकडे मागता येत नाही. विधानसभा व लोकसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. मतांची गुप्तता जपण्यासाठी न्यायालये नेमक्या तपशिलाशिवाय फेरमोजणीचा आदेश देत नाहीत; थोडक्यात हरलो, एवढे म्हणणे पुरत नाही. याचिकेत निवडणूकच रद्द ठरली आणि दुसरा उमेदवार विजयी घोषित झाला नाही, तर त्या जागेसाठी पुढे पोटनिवडणूक होते. तिला फेरमतदान म्हणणे चूक आहे. उलट तपशील नेमका असेल तर उशिरा झालेली मोजणीही निकाल फिरवते. हरियाणातील बुआना लाखू या गावच्या २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका मतदान केंद्रावर दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल झाल्याची तक्रार होती. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे स्वतःच्या आवारात मागवून सर्व केंद्रांची मते मोजून घेतली, तेव्हा पराभूत घोषित झालेल्या उमेदवाराला १,०५१ आणि पदावर बसलेल्याला १,००० मते निघाली. गावाला पुन्हा मतदान करावे लागले नाही.