बाजूला मोठा प्रोजेक्ट येतोय? बेळगावात हरकत कुठं, कशी आणि कधी द्यायची

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, भाग्यनगर, कुठंही बघा, जुनं घर नाहीतर मोकळं शेत होतं तिथं पत्र्याचं कंपाउंड लागतं, चार दिवसांत जेसीबी येतो आणि मग गल्लीत चर्चा सुरू होते की किती मजले होणार, पाणी कुठनं आणणार, गाड्या कुठं लावणार, आणि सगळ्यात मोठा प्रश्न, पावसाळ्यात ते पाणी कुणाच्या दारात येणार. चर्चा महिनाभर चालते, व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, कुणीतरी म्हणतं नगरसेवकाला भेटूया, भेटतात पण, आणि लेखी कागद मात्र एकाही ऑफिसात गेलेला नसतो. तोंडी तक्रारीची कुठंच नोंद होत नाही, आणि कायद्यानं हरकतीला जी मुदत ठेवलेली आहे ती बहुतेक वेळा पत्रे लागायच्या आधीच संपलेली असते. म्हणून कुठला कागद कुठं आणि कधी द्यायचा ते सविस्तर लिहितोय.

आधीच एक सांगून ठेवतो. कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्यांनी सांगितलेलं आणि यूट्यूबवरच्या मराठी व्हिडिओत बघितलेलं इथं जसंच्या तसं चालत नाही. एमआरटीपी कायदा, महारेरा, सातबारा हे सगळं महाराष्ट्राचं. आपल्याकडं कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१, महापालिकेसाठी कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६, फ्लॅटच्या प्रोजेक्टला कर्नाटकचं रेरा, आणि उताऱ्याला आरटीसी. अर्जात चुकीच्या कायद्याचं नाव आलं तर अर्ज बाजूला टाकायला आयतं कारण मिळतं.

फाइल कुठल्या ऑफिसात आहे ते आधी शोधा

निम्मी माणसं इथंच अडकतात. जागा महापालिकेच्या हद्दीत असेल तर बांधकाम परवाना महापालिकेच्या नगररचना विभागातनं निघतो. लेआउट, सीडीपी (म्हणजे शहराचा मास्टर प्लॅन) आणि जमिनीचा वापर बदलणं, म्हणजे रहिवासीचं व्यापारी नाहीतर शेतीचं रहिवासी, हे बुडाकडं (बेळगाव नगरविकास प्राधिकरण). कॅम्पात असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथं महापालिकेचा संबंध नाही. आणि शहराला लागून असलेल्या गावात असाल तर ग्रामपंचायत आणि बुडा दोन्ही, म्हणून तिथं दोन्हीकडं कागद द्यायचा, एकीकडं देऊन 'ते आमच्याकडं येत नाही' हे उत्तर ऐकायला महिना घालवू नका.

त्यासाठी जागेचा नंबर लागतो. शहरात सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, कडेला रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर. दिशांक नावाचं सरकारी अॅप आहे, जागेवर उभं राहून उघडलं की सर्व्हे नंबर दाखवतं. शेतजमीन असेल तर त्या नंबरावरनं 'भूमी' या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर आरटीसी बघता येतो. मग तोच नंबर सीडीपीच्या नकाशावर बघायचा, साधारण पिवळा रंग रहिवासी आणि निळा व्यापारी. नकाशात पिवळं आहे आणि बोर्ड लागलाय मॉलचा, तर वापर बदलाचा आदेश कुठं आहे हा पहिला प्रश्न तुमच्या हातात आला.

१५ दिवसांची नोटीस

१९६१ च्या कायद्यात कलम १४-ए आहे. मास्टर प्लॅनमधला जमिनीचा वापर बदलायचा असेल तर तो बदल जनहिताचा असला पाहिजे, सरकारची आधी मंजुरी पाहिजे, आणि त्या भागात खपणाऱ्या एक किंवा जास्त दैनिकांत जाहीर करून लोकांकडनं हरकती मागवल्या पाहिजेत, त्याला किमान १५ दिवस द्यायचे. आता आपल्याकडं काय होतं बघा, कायदा म्हणतो 'एक किंवा जास्त', म्हणजे एका कन्नड दैनिकात आतल्या पानावर छोट्या अक्षरात नोटीस आली तरी अट पूर्ण झाली, आणि आपल्या घरात येतो मराठी पेपर. त्यामुळं नोटीस निघाली होती हे आपल्याला सहा महिन्यांनी कळतं. उपाय साधा आहे, गल्लीत कन्नड वाचणारं एक तरी घर असतंच, कॉलेजात जाणारी पोरं तर सगळीच वाचतात, त्यांना जाहीर नोटिशींचं पान रोज बघायला सांगा आणि बुडाच्या नोटीस बोर्डावर अधूनमधून चक्कर मारा. नवा मास्टर प्लॅन जाहीर होतो तेव्हा मुदत जास्त असते, ६० दिवस, पण त्यावेळी कुणाच्या बाजूला काही बांधकाम नसतं म्हणून कुणी फिरकत नाही, आणि खरा निर्णय त्या नकाशातच होऊन जातो.

झाडांचंही असंच. प्रोजेक्टसाठी ५० पेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याला जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यापेक्षा कमी असली तरी परवानगी लागतेच, ती आहे का ते वन खात्याकडं विचारायचं.

हरकत कोण देऊ शकतो, काय जोडायचं

कुणीही. घर स्वतःचं असलं पाहिजे असं नाही, भाडेकरूपण देऊ शकतो, फक्त तुम्ही तिथं राहता आणि तुम्हाला त्रास होणार हे कागदावर दिसलं पाहिजे. मालक असाल तर घरपट्टीची पावती आणि खाते उतारा, भाड्यानं असाल तर भाडेकरार आणि हेस्कॉमचं (लाइटचं) बिल. ओळखपत्राची प्रत. जागेचा हातानं काढलेला साधा नकाशा, त्यात रस्ता किती फुटी आहे ते टेपनं मोजून लिहा, नाला कुठनं जातो ते दाखवा, तुमचं घर आणि ती जागा यातलं अंतर लिहा. तारखेसह फोटो. नोटीस आली असेल तर त्या पेपरचं कात्रण. सह्यांची यादी जोडायची असेल तर प्रत्येकापुढं घर नंबर पाहिजे, नुसत्या सह्यांचं पान जोडून काय उपयोग नाही. मंडळ नोंदवलेलं नसलं तरी चालतं, पण पुढं कोर्टापर्यंत जायचा विचार असेल तर सोसायटी कायद्याखाली नोंदणी करून घेतलेली बरी, त्याला ७ सभासद लागतात.

भाषेचं काय? संविधानाच्या कलम ३५० प्रमाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, म्हणजे मराठीत अर्ज दिला तर तो नाकारता येत नाही. हे खरं आहे आणि हक्क सोडायचा नाही. पण काम व्हायचं असेल तर वर कन्नडमधला नाहीतर इंग्रजीतला अर्ज आणि त्याला जोडून मराठी प्रत असं द्या. टेबलवरच्या माणसाला वाचता आलं नाही की 'भाषांतर करून आणा' म्हणून कागद आठवडाभर पडून राहतो आणि तुमचे १५ दिवस तर चाललेले असतात. भाषेचं भांडण करायला वर्ष पडलंय, मुदतीच्या आत मात्र बिल्डरवर लक्ष ठेवा.

अर्ज टपाल विभागात द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. पोच देत नसतील तर सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. साहेबांच्या हातात दिला, ते म्हणाले बघतो, ह्याला पोच म्हणत नाहीत.

हरकतीत काय लिहायचं

'आमचा उजेड जातो, शांतता जाते, बाहेरची माणसं येतील' एवढंच लिहिलं तर फाइलला लागतं आणि तिथंच राहतं. त्यातलं शेवटचं तर लिहूच नका, कोण कुठं राहायला येणार हा हरकतीचा विषय नाही आणि ते वाचून अधिकारी बाकीचे मुद्देपण हलके घेतो. नियमाला धरून लिहा. रस्ता किती रुंद आहे आणि त्या रुंदीला किती एफएआर (जागेच्या मानानं किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) बसतो, बाजूचं अंतर नियमाप्रमाणं सोडलंय का, पार्किंग प्लॅनमध्ये दाखवलंय ते खरंच गाड्यांसाठी आहे की पुढं दुकानं निघणार, आगीचा बंब त्या गल्लीत वळतो का, ड्रेनेजची लाइन जुनी आहे तिला एवढे फ्लॅट झेपतात का, पाणी राकसकोप-हिडकल धरणांचं मिळणार की बोअर मारून आजूबाजूच्या विहिरी खाली नेणार. सांब्रा विमानतळामुळं उंच इमारतीला उंचीचं एनओसी लागू शकतं, ते विचारा.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडं सगळ्यात जड आहे. बळ्ळारी नाल्याच्या कडेचं शिवार दर पावसाळ्यात पाण्याखाली जातं हे शहापूर-वडगावच्या माणसाला सांगायला नको, २०१९ चा पाऊस तर सगळ्या शहरानं बघितला. जागेत नाहीतर जागेच्या कडेनं नाला, ओढा असेल तर सर्व्हे खात्याकडनं गाव नकाशाची प्रत काढा. नकाशात नाला आहे आणि मंजूर प्लॅनमध्ये नाही, हे एक पान दहा सह्यांच्या अर्जांपेक्षा जास्त काम करतं. भराव टाकून जागेची उंची वाढवली असेल तर आधीचे-नंतरचे फोटो जोडा.

मुदत गेली असेल तर

परवाना निघून गेलाय, काम चालू झालंय, तर आधी फाइल हातात घ्या. माहिती अधिकार, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर जोडली की झालं, ऑनलाईनपण करता येतं. कर्नाटकात दोन अटी आहेत ज्या लोकांना माहीत नसतात, अर्ज १५० शब्दांपर्यंतच आणि एका अर्जात एकच विषय. त्यामुळं गाऱ्हाणं लिहीत बसू नका, नुसतं मागा: अमुक सीटीएस नंबरवर दिलेला बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, वापर बदलाचा आदेश असल्यास तो, अग्निशमन आणि ड्रेनेजचं ना-हरकत, आणि फाइल प्रत्यक्ष बघायची परवानगी. बुडाला वेगळा अर्ज, महापालिकेला वेगळा. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. 'ही त्रयस्थाची माहिती आहे' असं म्हणतील, तर त्यासाठी बिल्डरला नोटीस देऊन विचारायचं असतं आणि तरी ४० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, तो नाही म्हणाला म्हणजे विषय संपला असं नसतं. नाही दिलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत माहिती आयोगाकडं, आयोगाचं पीठ बेळगावातपण आहे.

फ्लॅटचा प्रोजेक्ट असेल तर माहिती अधिकाराची वाट बघायची पण गरज नाही. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त असतील तर रेराची नोंदणी लागते आणि कर्नाटक रेराच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकलं की मंजुरीचे कागद बघायला मिळतात. शेजाऱ्यासाठी ही साइट मुख्यतः कागद काढायलाच उपयोगी, तिथल्या तक्रारी बहुतेक फ्लॅट घेणाऱ्यांच्या असतात.

नकाशा मिळाला की जागेवर मोजून बघा. नकाशापेक्षा जास्त बांधलंय, अंतर सोडलेलं नाही, तर महापालिका आयुक्तांकडं १९७६ च्या कायद्यातल्या कलम ३२१ खाली तक्रार करा, त्यात काम थांबवायची आणि बेकायदा भाग पाडायची नोटीस देता येते. तक्रारीत ३२१-बी चापण उल्लेख करा, बेकायदा बांधकाम होऊ दिलं तर त्या भागाच्या अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकणारं कलम आहे ते. नुसत्या उल्लेखानंही जागेवर पाहणीला माणूस लवकर येतो असा अनुभव आहे. उत्तरच नाही आलं तर राज्य सरकारच्या १९०२ या तक्रार हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या.

फार मोठा प्रोजेक्ट असेल तर

बांधकाम २०,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण २ लाख १५ हजार चौरस फूट किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरण मंजुरी लागते, ती बेंगळुरातलं राज्य प्राधिकरण देतं. लोकांना वाटतं याला जनसुनावणी असते, आपल्याला बोलवतील. बिल्डिंग आणि टाउनशिपच्या प्रोजेक्टला जनसुनावणीतनं सूट आहे, कुणी बोलवत नाही. म्हणून परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर प्रस्ताव स्वतः शोधायचा आणि मंजुरीच्या आधीच प्राधिकरणाला लेखी म्हणणं पाठवायचं. मंजुरी मिळाली तर हरित लवादाकडं ३० दिवसांत अपील, उशिराचं पटणारं कारण असलं तर आणखी ६० दिवस, त्याच्या पुढं नाही. आपल्यासाठी लवादाचं पीठ चेन्नईला.

परवाना रद्द करायची नाहीतर स्थगितीची रिट याचिका धारवाडच्या हायकोर्ट पीठात, बेंगळुराला जायला लागत नाही. उजेड-वाऱ्याचा हक्क मात्र दिवाणी कोर्टातला विषय, १८८२ च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्याप्रमाणं खिडकीतनं २० वर्षं अडथळ्याशिवाय उजेड येत असेल तर तो हक्क होतो, आणि तो अडला तर दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, नाहीतर ती २० वर्षं धरली जात नाहीत. जुन्या घरात राहणाऱ्यांनी घर केव्हा बांधलं त्याचे कागद आधी शोधून ठेवा.

आणि बेसमेंटची खुदाई सुरू व्हायच्या आधी स्वतःच्या घराच्या भिंती, फरशी, कंपाउंड, विहीर यांचे तारखेसह फोटो काढून एखाद्या इंजिनिअरकडनं दोन पानी रिपोर्ट करून घ्या, त्याची प्रत बिल्डरला पोस्टानं पाठवा. नंतर चीर पडली आणि आधीचा फोटो नसला तर 'ती आधीपासूनच होती' असं म्हणणाऱ्याला काय दाखवणार? रात्री १० नंतर मशीन चालू असेल तर ११२ ला फोन करा, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि फोनवर मिळालेला तक्रार नंबर त्याच फाइलीत लिहून ठेवा.